टोपी वर जाईपर्यंत

वहिनी सकाळी बोलत नसत. उठल्यापासून प्रार्थना आटोपून पहिला चहा पोटात जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचा फार जुना नेम. सुरुवातीला घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पाळला. पुढे घसा बरा झाला, पण तोवर त्या शांततेची गोडी लागली होती. देवाकडे काही मागायचं नाही, त्याला काही सांगायचं नाही, नुसतं समोर गप्प बसायचं. दिवस मग कसाही जावो, त्याची सुरुवात तरी स्वच्छ होई.

घरच्यांना या मौनाची सवय होती. अडचण दुसरीच होती. वरच्या मजल्यावर राहणारे त्यांचे धाकटे दीर रोज चहाला खाली येत, आणि त्यांच्याशी वहिनी चहानंतरही बोलत नसत. मौन कधी संपलं आणि अबोला कधी सुरू झाला, हे भाऊजींना कप रिकामा होईपर्यंत कळायचं नाही. कळूनही काही उपयोग नव्हता म्हणा.

"अहो, त्यांना विचारा, साखर पुरे का."

त्यांचे यजमान, ज्यांना सगळी इमारत दादा म्हणायची, ते वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता विचारत, "साखर पुरे का रे?"

"पुरे म्हणावं. चहा झकास झालाय म्हणावं."

"पुरे म्हणतोय. झकास म्हणतोय."

"ऐकू आलं मला," वहिनी म्हणत. ते अर्थातच दादांना.

टेबल हातभर रुंद. भाऊजींचा कोपर वहिनींच्या ताटलीला लागत असे. तरी शब्द दादांच्या नाक्यावरून फिरूनच पलीकडे जायचा. रात्रीचं जेवणही असंच. भाऊजी एकटे, लग्न केलं नाही, जेवायला खालीच. त्यांना काय आवडतं, काय बाधतं, हे वहिनींना त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक. पानात सगळं वेळेवर आणि निगुतीनं पडे. फक्त बरोबर शब्द पडत नसे.

या अबोल्याचं मूळ होतं टोप्या.

टोप्या हे एक साळिंदर. कार्टूनमधलं. डोक्यावर भलत्याच मापाची मोठी टोपी, टोपीतून आरपार आलेले काटे, आणि बोलायच्या आधी डोळ्यांवर घसरलेली टोपी पंजानं मागे सारायची खोड. टोपी वर जाई, दोन डोळे लुकलुकत, आणि मग टोप्या म्हणे, "थांबा हं, टोपी सावरू द्या." त्या काळी आठवड्यातून एकदा तो टीव्हीवर लागे आणि तेवढा वेळ रस्त्यावर एक पोर दिसत नसे. चित्रं भाऊजी काढत. ती एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवून दादा टिपत. आणि आवाज वहिनींचा. वहिनी तेव्हा रेडिओवर मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या. लग्न होऊन नुकत्याच घरात आल्या होत्या, तर या दिरानं एक कागद समोर धरून विचारलं होतं, "वहिनी, हा बोलला तर कसा बोलेल हो?" वहिनींनी चित्राकडे जरा वेळ पाहिलं आणि जो आवाज काढला, तो दादांना इतका पटला की त्यांनी हातातली चटणी बशीत ठेवायची सोडून मांडीवर ठेवली.

पुढे दुसरी चकचकीत कार्टूनं आली. टोप्या बंद पडला. दादांनी मागच्या खोलीतला स्टुडिओ मोडला, भाऊजी लोकांच्या दारावरच्या पाट्या रंगवायला लागले, वहिनींनी रेडिओही सोडला. त्यात कुणी कुणावर रागावलं नाही. रागवायची वेळ बऱ्याच वर्षांनी आली. एका वर्तमानपत्राला जुन्या कार्टूनांची आठवण झाली, त्यांचा माणूस भाऊजींना भेटून गेला, आणि रविवारी छापून आलं: टोप्या माझ्या अंगठ्यातून उतरला. आवाजाचं काय हो, चित्र जिवंत असलं की कुणाचाही चालतो.

वहिनींनी ते वाचलं, पेपराची नीट घडी घातली आणि वाट पाहिली. आता येतील, म्हणतील, वहिनी, तसं नव्हतं हो म्हणायचं मला. भाऊजी आले, चहा प्यायले, पाट्यांच्या रंगाला आता कसं वाईट व्हार्निश मिळतं ते सांगून वर गेले. आपण काही बोललोय हेच त्यांच्या गावी नव्हतं. ते गावी येईपर्यंत वहिनी गप्प झाल्या होत्या, आणि मग भाऊजींनाही मान आड आला. "विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारतच नाही, तर मी कुणाला खुलासे देत फिरू?" हे अर्थातच दादांना.

वहिनींना हे टोचत नव्हतं असं नाही. सकाळी डोळे मिटून बसल्या की कधीकधी मनात यायचं, एक गप्प बसणं आपण देवाला वाहतो आणि दुसरं माणसाच्या तोंडावर मारतो. दोन्ही एकाच तोंडातली. देवाला फरक कळत असणारच. पण तेवढ्यात दूध उतू जायच्या बेताला येई, आणि तो विचार तिथेच राही.

अशात एके दिवशी एक तरुण बाई घरी आली. आखूड केस, खांद्याला मोठी पिशवी, बसायच्या आधीच डोळे भरलेले. ती सिनेमा दिग्दर्शित करत होती. टोप्याचा. कॉम्प्युटरवर बनणारा, आईबापांनी पोरांना घेऊन बघावा असा पूर्ण लांबीचा सिनेमा.

"मी तुम्हाला काय म्हणू?" तिनं विचारलं.

"वहिनी म्हण. सगळेच म्हणतात."

"वहिनी, लहानपणी मी जेवायच्या आधी रोज म्हणायची, थांबा हं, टोपी सावरू द्या. आणि डोक्यावर पातेलं. एकदा त्यात ताक होतं."

दादा खोखो हसले. बाई मात्र लगेच कामावर आली. निर्मात्यांना टोप्याच्या आवाजासाठी एक प्रसिद्ध नटी हवी होती. पोस्टरवर तिचं नाव मोठं दिसलं असतं. "मी त्यांना म्हटलं, टोप्याचा खरा आवाज आहे, याच शहरात आहे आणि ठणठणीत आहे. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी आवाज तसाच राहतो होय? ऐकवा. ऐकून ठरवू. तर वहिनी, याल का एक चाचणी द्यायला?"

वहिनी हो म्हणाल्या, आणि इतक्या चटकन म्हणाल्या की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. हवा होता त्यांना तो आवाज. नाव नको होतं, कौतुकही नको होतं. पण छापून आलेलं ते एक वाक्य आत कुठेतरी घर करून बसलं होतं. कुणाचाही चालतो. खरंच चालत असेल का? उद्या त्या नटीनं टोप्या केला आणि पोरांना काहीच फरक कळला नाही, तर भाऊजी खरे ठरणार होते, आणि वहिनींनी इतकी वर्षं एका खऱ्या बोलण्याचा राग धरला असं होणार होतं.

स्टुडिओ एका गोदामांच्या गल्लीत होता. आतली खोली भिंतीभर जाड गादीसारख्या कापडानं मढवलेली, मधोमध माइक, त्यापुढे जाळी, बाजूला संवाद ठेवायला उभा स्टँड. काचेपलीकडे दिग्दर्शिका आणि एक रेकॉर्डिस्ट. रेकॉर्डिस्ट जाडजूड, मितभाषी. खुर्चीच्या कुरकुरण्यालाही भुवई वर करणारा. त्यानं वहिनींच्या अंबाड्यावर कसेबसे हेडफोन बसवले.

"चित्र कुठे दिसेल?" वहिनींनी विचारलं.

"चित्र नंतर, वहिनी," कानात दिग्दर्शिकेचा आवाज आला. "आता पद्धत उलटी आहे. आधी आवाज घेतो. मग आमची मंडळी तो ऐकून टोप्याचं तोंड हलवतात."

"म्हणजे टोप्या माझं ऐकून बोलणार?"

"हो."

"आणि मी कुणाकडे बघून बोलू?"

दिग्दर्शिकेनं टोप्याचं एक मोठं रंगीत चित्र आणून स्टँडला चिकटवलं. गोंडस होतं. काटा न् काटा वेगळा दिसत होता. वहिनी उभ्या राहिल्या, डोळे मिटून मनात देवाचं नाव घेतलं आणि पहिला संवाद बोलल्या. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

काचेपलीकडे दोघं एकमेकांकडे बघत होती. दिग्दर्शिका उठून आत आली.

"आवाज तोच आहे," ती म्हणाली. "अगदी तोच. पण…"

"टोप्या येत नाहीये," वहिनी म्हणाल्या. "मलाही कळतंय. मी नुसती वाचतेय."

दिग्दर्शिका मन लावून काम करणारी होती. तिनं हार मानली नाही. जुन्या टोप्याचा एक भाग लावला, पडद्यावर. टोप्या झाडामागून आला, टोपी वर गेली, आणि वहिनींच्या तोंडून वाक्य सुटलं, ठसक्यात, जिवंत. रेकॉर्डिस्टनं पहिल्यांदाच मान डोलावली. मग संवादाच्या कागदाकडे पाहिलं.

"मॅडम, हे वाक्य यात कुठे आहे?"

नव्हतंच. वहिनी जुने संवाद बोलत होत्या, जसेच्या तसे. समोर ती टोपी, ती फांदी, टोप्याच्या जोडीचं ते कासव दिसलं की नवे शब्द डोळ्यांपुढे असूनही तोंडातून जुनेच यायचे. तीन वेळा प्रयत्न झाला, तिन्ही वेळा टोप्यानं कासवाकडे मागच्या जन्मातलं गाजर मागितलं. शेवटी वहिनींनाच हसू फुटलं.

मग दिग्दर्शिकेनं आपल्या एका अ‍ॅनिमेटरकडून पडद्यावर नुसती एक टोपी करवून घेतली. कच्ची, रेघांची. नव्या वाक्याआधी ती घसरे आणि वर जाई. हे जवळ आलं, पण जमलं नाही. टोपी कधी वहिनींच्या आधी वर जायची, कधी त्या तयार होऊन बसायच्या आणि टोपी रेंगाळायची.

"ही टोपी शहाणी आहे," वहिनी म्हणाल्या, "पण माझा श्वास झाला की नाही ते बघत नाही."

दिग्दर्शिका एकदम थांबली. "मग पूर्वी कोण बघायचं?"

प्रश्न नेमका होता, आणि उत्तर वरच्या मजल्यावर राहत होतं.

वहिनींनी सांगितलं. चित्रं कॅमेऱ्याखाली जायच्या आधी मागच्या खोलीत तालीम होई. भाऊजी कागदांचा गठ्ठा डाव्या हातात घट्ट धरून समोर बसत आणि उजव्या अंगठ्यानं कागद सोडत. सोडले की टोप्या हलायला लागे. टोपी डोळ्यांवर असलेला कागद ते धरून ठेवत. वहिनी श्वास घेत. तो भरला असं दिसलं की अंगठा सुटे, टोपी वर जाई, आणि टोप्या बोले. किती वेळ थांबायचं ते भाऊजी त्यांच्याकडे बघून ठरवत, आणि कधी बोलायचं ते वहिनी टोपीकडे बघून. त्या मापानं मग दादा चित्रं टिपत. "टोपीचं खूळ मुळात चित्रं वाचवायला काढलेलं," वहिनी म्हणाल्या. "चेहरा झाकलेला असला की तेवढा वेळ तोंड काढायला नको."

"आणि आम्ही लहानपणी म्हणायचो, टोप्या किती विचार करून बोलतो!" दिग्दर्शिका म्हणाली. "मग त्यांनाच बोलवू या की. नंबर द्या, मी आत्ता फोन करते. निर्माते शुक्रवारी ऐकणार आहेत."

"नको," वहिनी म्हणाल्या. "ते मी बघते."

फोन केला असता तर भाऊजी आलेही असते. समोर बसून अंगठाही चालवला असता. पण ज्या माणसाकडे आपण मान वर करून बघत नाही, त्यानं आपला श्वास बघावा कसा? हे दिग्दर्शिकेला समजावत बसण्यात अर्थ नव्हता.

त्या रात्री जेवताना वहिनींनी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा पाणी वाढलं. शेवटी नेहमीची वाट धरली.

"अहो, त्यांना विचारा, गुरुवारी मोकळे आहेत का."

दादांनी घास चावून संपवला. ओठ पुसले. "मी निवृत्त झालो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे पोस्ट बंद. इतकी वर्षं साखर नेली, मीठ नेलं, टोमणे नेले. हात भरून आले माझे. हा इथे बसलाय, तू तिथे बसलीयस. मधे हे एवढंसं टेबल आहे, ओलांडा."

भाऊजींनी ताटातून डोकं वर केलं नाही. वहिनींनीही नाही. दादांनी निवांतपणे आणखी वाढून घेतलं.

सकाळी वहिनी प्रार्थनेला बसल्या, पण ते गप्प बसणं काही केल्या लागेना. देवासमोर टोपी, टोपीसमोर कासव, सगळी गर्दी. उठल्या, चहा टाकला, प्यायल्या. नेम संपला. दुसरी गप्प राहण्याची वेळ आता सुरू व्हायची, तर त्या पायातल्या चपलांसकट जिना चढून वर गेल्या.

वर भाऊजींच्या खोलीचं दार उघडंच होतं. खिडकीला लागून टेबल, त्यावर कुणाच्या तरी घराची पाटी आडवी, अर्धी अक्षरं रंगवलेली. तेलाचा नि रंगाचा वास. भाऊजी ब्रश टेकवून बसले होते. दारात वहिनी दिसल्या तसा तो ब्रश तिथेच थांबला, आणि पाटीवर एका अक्षराला नको तिथे शेपूट फुटलं.

वहिनींनी तोंड उघडलं. काही आलं नाही. काय म्हणायचं ते जिन्यावर ठरवलं होतं. ते जिन्यावरच राहिलं. त्या नुसत्या चौकट धरून उभ्या.

भाऊजींनी ब्रश खाली ठेवला. आणि मग सावकाश, नाकावरचा चष्मा दोन बोटांनी वर सरकवून कपाळावर नेला आणि डोळे लुकलुकवले. ही त्यांची जन्माची सवय. कुणाशीही बोलायचं तर आधी चष्मा वर. टोप्याची खोड इथूनच उचललेली होती, आणि ते फक्त या घरातल्या तिघांना ठाऊक होतं.

चष्मा वर गेला आणि वहिनींना शब्द सापडले.

"भाऊजी, अंगठा चालतो का अजून?"

भाऊजींनी अंगठा डोळ्यांपुढे धरून उलटसुलट पाहिला, जणू तो आत्ताच कुणी आणून दिला होता. "चालतो. थंडीत जरा कुरकुरतो. कुणासाठी चालवायचाय?"

"टोप्यासाठी." मग वहिनी जरा थांबल्या. "माझ्यासाठी. माझ्या एकटीनं तो बोलत नाही."

 भाऊजी चिंधीनं अक्षराची शेपटी पुसायला लागले, आणि पुसता पुसता, पाटीलाच सांगावं तसं म्हणाले, "तो पेपरवाला आला होता ना, त्यानं विचारलं, चित्राशिवाय आवाज चालेल का. मी फुशारकीत येऊन उलटं बोलून गेलो. माणूस ऐकायला समोर असला की माझी जीभ फार लांब होते."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

"तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून विचारलं नाही."

  "चहा गार होतोय खाली," वहिनी म्हणाल्या आणि वळल्या. तो चहा त्यांनी भाऊजींसाठी झाकून ठेवला होता.

गुरुवारपर्यंत वरच्या खोलीत रात्रंदिवस पेन्सिल चालली म्हणायला हरकत नाही. संवाद थोडेच होते, पण टोपी प्रत्येकाची वेगळी. गुरुवारी भाऊजी गठ्ठे एका जुन्या बुटांच्या खोक्यात घालून स्टुडिओत आले. माइकसमोर वहिनी, त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर भाऊजी, चष्मा कपाळावर. काचेपलीकडे दादा, कुणी न सांगता येऊन बसलेले.

पहिला गठ्ठा सुटला आणि रेकॉर्डिस्टनं लगेच हात वर केला. "थांबा. कागदाचा आवाज येतोय. सळसळ. असं नाही घेता येणार."

भाऊजींनी कागद दूर धरून पाहिले. मग हात माइकच्या खाली नेला, मग सळसळ दाबायला मांडीवर पंचा टाकला. कागद तो कागदच. सळसळला. वहिनींचा चेहरा उतरला. इतकं करून पुन्हा तेच.

"ऐकवा तरी," दिग्दर्शिका म्हणाली. "जे आलंय ते परत ऐकवा."

रेकॉर्डिस्टनं ऐकवलं. एक बारीक सळसळ, मग श्वास, मग टोप्या. दिग्दर्शिका खुर्चीतून उठली. तिनं जुना भाग लावला, कुठलाही, आणि आवाज वाढवला. सळसळ, श्वास, टोप्या. दुसरा लावला. तीच सळसळ.

"काटे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं एकच बाहेर पडलं.

"आम्ही सगळे समजत होतो की ती काट्यांची सळसळ आहे," दिग्दर्शिका म्हणाली. "बोलायच्या आधी टोप्या काटे फुलवतो म्हणून! वहिनी, गेले किती दिवस हे साहेब तो आवाज बनवायच्या मागे आहेत. झाडू आणला, सुतळी आणली, सुकी पानं आणली."

"दातांचे ब्रश आणले," रेकॉर्डिस्ट दुःखानं म्हणाला.

"अरे, तेव्हा आवाज घ्यायची खोली वेगळी होती कुठे!" दादा म्हणाले. "तालमीतच आवाज टिपायचो, आणि हा शेजारीच बसून कागद सोडायचा. मी सांगून दमलो, आवाज येतोय, आवाज येतोय. ऐकतो कोण."

कागद माइकच्या आणखी जवळ घेतले गेले.

मग काम सरळ चाललं. वहिनी श्वास घेत, भाऊजी बघत, अंगठा सुटे. मधेच चुकलं तर दोघं एकाच वेळी "पुन्हा" म्हणत. शेवटचा संवाद सिनेमातल्या एका जागेचा होता. कासव टोप्याला सोडून गेलेलं असतं, ते पुष्कळ दिवसांनी परत येतं, आणि टोप्या त्याला म्हणतो, मी रागावलो नव्हतो, मी नुसती टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती.

भाऊजींनी टोपी खाली असलेला कागद धरला. वहिनींनी श्वास घेतला. अंगठा सुटला नाही. भाऊजी बघत होते. वहिनींचा श्वास भरला होता, पण गळा भरला होता त्याहून जास्त, आणि ते त्यांना दिसत होतं. त्यांनी कागद तसाच धरून ठेवला.  रेकॉर्डिस्टची खुर्चीसुद्धा कुरकुरली नाही. वहिनींनी एकदा गिळलं, मान सरळ केली. मग अंगठा सुटला, सळसळ झाली, टोपी वर गेली आणि टोप्या बोलला.

दिग्दर्शिकेनं पुन्हा घ्यायला सांगितलं नाही.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी वहिनी नुकत्याच प्रार्थनेला बसल्या होत्या, आणि टेबलावरचा त्यांचा फोन वाजायला लागला. दादा न्हाणीघरात. वहिनींनी डोळे उघडले, फोनवर दिग्दर्शिकेचा नंबर पाहिला, आणि हात मांडीवरच ठेवला. नेम म्हणजे नेम. फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा सुरू झाला. चहाला आलेल्या भाऊजींनी, मी घेऊ का, अशा नजरेनं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. भाऊजींनी चष्मा वर केला आणि फोन उचलला.

"हं. मी त्यांचा दीर. … नाही, देता येणार नाही, त्या आत्ता बोलणार नाहीत. … नाही हो, माझ्यावर रागावून नाही. ते मिटलं. ही सकाळची गोष्ट आहे, हे वेगळं असतं. … तुम्ही सांगा, त्या ऐकतायत."

त्यांनी फोन वहिनींच्या दिशेनं धरला. दिग्दर्शिकेचा आवाज आनंदानं फाटत होता, तरी समजत होता. निर्मात्यांनी दोनदा ऐकलं. नटीला कासवाचं काम देतायत. टोप्या वहिनींचा. सोमवारपासून यायचं, दोघांनीही, आणि कागद भरपूर आणायचे. "आणि वहिनी, पाटीवर काय लिहायचं? म्हणजे सिनेमाच्या शेवटी. टोप्याचा आवाज म्हणून तुमचं नाव, ते झालं. पण काका नक्की कोण म्हणायचे? अंगठा असं तर लिहिता येत नाही."

भाऊजी फोन धरून वहिनींकडे बघत राहिले. वहिनींनी टेबलावर एक बोट ठेवलं, भाऊजींकडे दाखवलं, स्वतःकडे दाखवलं, आणि दोन बोटं शेजारी शेजारी टेकवली.

"त्या म्हणतायत, नुसतं टोप्या लिहा," भाऊजी म्हणाले. "आणि खाली दोघांची नावं. एकाच ओळीत. त्यांचं आधी."

वहिनींनी मान हलवली. नाही, आधी कुणाचंही चालेल, असं त्यांना म्हणायचं होतं. पण ते चहा झाल्यावर सांगता आलं असतं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. स्वयंपाकघरात दूध वर आलं होतं, ते भाऊजींनी जाऊन उतरवलं.